तळ्याकडे पाठीमागून जा



शाळेची सहल निघायची म्हटली की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादे तळे उभे राहते. नागभीडकडची मुले घोडाझरीला जातात, सावलीकडची असोलामेंढ्याला, सिंदेवाहीची नलेश्वरला आणि चंद्रपूरची जुनोन्याला. गाडी थेट पाळीपर्यंत जाते. मुले खाली उतरतात, पाळीवर चढतात, "केवढे हे पाणी!" म्हणतात, डबे उघडतात, काही खडे पाण्यात भिरकावतात आणि संध्याकाळी घरी परततात. दुसऱ्या दिवशी वर्गात 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहिला जातो. त्यात पाणी निळेशार असते, वारा मंद असतो आणि सगळ्यांना खूप मजा आलेली असते.

मजेला माझी मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती वाटेला. या मुलांनी तळे पाहिले असे आपण म्हणतो. पण खरे पाहता त्यांनी तळ्याचा दहावा हिस्सादेखील पाहिलेला नसतो. माझे म्हणणे असे की, तळे पाहायचे तर त्याच्याकडे पाळीच्या बाजूने जाऊच नये. पाठीमागून जावे. म्हणजे ज्या टेकड्यांवरचे पाणी तळ्यात उतरते, त्यांच्या माथ्यावर आधी चढावे आणि मग ओहोळाच्या काठाकाठाने, पाण्याच्याच वाटेने, पायी खाली उतरावे. हे मी का म्हणतो, ते क्रमाने पाहू.

उंच पर्वतांतल्या लहान तळ्यांची चित्रे तुम्ही पाहिली असतील. लडाखसारख्या कोरड्या मुलखात उघडेबोडके डोंगर असतात आणि मध्येच आरशासारखे तळे दिसते. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. मग तेथे तळी कशी? तर बर्फ वितळून पाणी येते. आणि ते साठायला जागा कोणी केली? अनेक ठिकाणी हिमनदीने. हिमनदी डोंगर खरवडत खाली सरकते. तिने कोरलेला खळगा मागे राहतो आणि तिने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा ढीग त्याच्या तोंडाशी पडतो. बर्फ मागे हटले की त्या खळग्यात पाणी साचते. दगडगोट्यांचा तो ढीग म्हणजे निसर्गाने घातलेली पाळच होय.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे पाऊस लेहच्या बारापट किंवा त्याहूनही अधिक. सुमारे १२०० ते १५०० मिलिमीटर. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढे आठ महिने आभाळ कोरडे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, साग आणि धावडा निष्पर्ण होतात आणि हिरव्या जंगलाचा डोंगर लडाखच्या डोंगरासारखा भुरा दिसू लागतो. आपली जमीनही फार जुनी आहे. पुष्कळ ठिकाणी खाली कठीण खडक आहे. त्यात पाणी फारसे मुरत नाही. आणि इतक्या जुन्या जमिनीवर नैसर्गिक खळगे फार उरत नाहीत. कोट्यवधी वर्षांत नद्यांनी काही खळग्यांचे काठ कापून त्यांतले पाणी वाहून नेलेले असते, तर काही गाळाने भरलेले असतात. म्हणून पावसाळ्यात दुथडी वाहणारा नाला हिवाळ्याच्या अखेरीस कोरडा पडतो.

अशा मुलखात तळे हवे असेल तर जे काम तिकडे हिमनदीने केले ते इकडे माणसाने करायला हवे होते. आणि ते त्याने केले! ताडोबाच्या तळ्यासारखे अपवाद सोडले, तर या भागातली बहुतेक तळी माणसाच्या हातची आहेत. दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हेरायची, तेथे मातीची पाळ घालायची, जादा पाणी जायला एका टोकाशी सांडवा ठेवायचा आणि शेताला पाणी सोडायला पाळीतून दार ठेवायचे. या दाराला झाडीपट्टीत तुडुम म्हणतात. वरच्या तळ्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात, खालच्याचे त्याखालच्या बोडीत, अशी माळच्या माळ लावलेली असते. गोंड राजांच्या काळी, जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. तळी बांधण्यात कोहळी समाजाच्या लोकांचा हातखंडा होता. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांवर तळी आहेत. सरकारी कागदांत त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि त्याचेच लाडके संक्षिप्त रूप 'मामा तलाव'. घोडाझरी आणि असोलामेंढा ही मोठी तळी मात्र त्यानंतरची, इंग्रजी अमदानीतली.

म्हणजे प्रश्न असा उरतो : पाळ माणसाने बांधली खरी, पण पाणी कोठून येते? "पावसातून" हे उत्तर अपुरे आहे. चला, एक हिशेब करून पाहू.

समजा, तुमच्या गावाचे तळे १० हेक्टरांचे आहे आणि त्यामागे टेकड्यांचा १०० हेक्टरांचा उतार आहे. १०० हेक्टर म्हणजे १०,००,००० चौरस मीटर. त्यावर वर्षाला १.२ मीटर पाऊस पडला, तर एकूण पाणी झाले १२,००,००० घनमीटर. यातले बरेचसे जमीन पिते, झाडे पितात, काहीची वाफ होते. समजा, चौथा हिस्सा तळ्यात पोहोचला. म्हणजे ३,००,००० घनमीटर. हे पाणी १० हेक्टरांत, म्हणजे १,००,००० चौरस मीटरांत पसरले तर खोली किती येईल? ३ मीटर. आता नुसत्या तळ्यावर पडणारा पाऊस घ्या. तो भरतो फक्त १.२ मीटर. आणि वाफेने किती जाते? फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत दररोज सरासरी पाऊण सेंटिमीटर पाणी उडते असे धरले, तरी ९० सेंटिमीटर झाले. म्हणजे तळ्यावर पडलेल्या पावसाचा बहुतेक भाग एकट्या उन्हाळ्यातच उडून जाणार. धानाला जे पाणी मिळते ते येते पाठीमागच्या उतारावरून. पाळीवर उभे राहून तुम्ही जे पाहता ते १० हेक्टर; आणि न पाहता परतता ते १०० हेक्टर. तळ्याचा दहावा हिस्सादेखील पाहिला नाही असे मी वर म्हटले, ते या हिशेबाने.

आता उतारावर काय पाहायचे? डोळे उघडे ठेवले तर पावलोपावली धडे आहेत. माथ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर असेल तेथे बोट खुपसून पाहा. हिवाळ्यातही खालची माती ओलसर लागते. मग गाडीवाटेवरची माती पाहा. ती दगडासारखी घट्ट असते. दोन्ही बाजूंनी उघडा असा पत्र्याचा डबा घ्या. तो दोन बोटे जमिनीत रोवा, त्यात एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजा. हाच प्रयोग गाडीवाटेवर करा. दोन आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा. पाणलोट क्षेत्राचे संरक्षण म्हणजे काय, हे त्या दोन आकड्यांत जितके आहे तितके पुस्तकाच्या दोन पानांतही नाही.

पुढे सागाच्या झाडांखाली थांबा. झाड असले की माती सुरक्षित, असे आपण समजतो. पण सागाचे पान मोठे. त्यावर पावसाचे बारीक थेंब एकत्र होतात आणि टपोरे होऊन उंचावरून खाली आदळतात. खाली गवत, झुडपे आणि पाचोळा असेल तर मार झेलला जातो. वणव्यात हे सगळे जळून गेले असेल तर मात्र तोच थेंब माती उखडतो. अशा जागी वाकून नीट पाहिलेत तर डोक्यावर खड्याची टोपी घातलेले मातीचे इवलेसे खांब दिसतील. खड्याखालची माती वाचली, भोवतालची गेली. खांबाची उंची म्हणजे त्या जागेवरून किती माती गेली त्याची मोजपट्टीच. पट्टीने ती मोजा आणि स्वतःला विचारा, ही माती गेली कोठे?

ती तळ्यात गेली. १० हेक्टरांच्या तळ्यात नुसता १ सेंटिमीटर गाळ साचला, तर १००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाण्याची जागा गेली. धानाच्या बांधीत ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर हेक्टरी ५०० घनमीटर लागते. म्हणजे एका सेंटिमीटर गाळाने दोन हेक्टर धानाची एक पाळी बुडाली. पोटरीवर आलेल्या धानाला ऐन वेळी ती एक पाळी मिळाली नाही तर काय होते, हे झाडीपट्टीतल्या शेतकऱ्यांच्या मुलांना मी सांगायला नको.

येथे माझा मुख्य मुद्दा येतो. आपल्या तळ्यांची आजची दुर्दशा आपण एकाच बाजूने पाहतो आणि तीही पाळीवरून. पाळीवरून गाळ दिसतो, बेशरमाची झुडपे दिसतात, जलपर्णी दिसते. म्हणून उपायही एकच सुचतो : यंत्र लावा आणि गाळ उपसा. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सरकारने आणली. तळ्याचा सुपीक गाळ शेतात नेणे ही चांगलीच गोष्ट आहे. आपले आजे-पणजे बैलगाड्यांनी तेच करीत. पण गाळ कोठून आला हे न पाहता तो उपसणे म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेली बादली रिकामी करीत बसणे आहे. शिवाय यंत्राने तळ्याचा तळ सरसकट खोल केला की उथळ काठ नाहीसा होतो. देवधान, कमळ, शिंगाडा या वनस्पती आणि काठच्या गवतात अंडी घालणारे मासे यांना उथळ पाणीच लागते. मासे गेले की ढिवरांची रोजी गेली. पाणपक्षीही गेले.

पक्ष्यांवरून आठवले. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर चक्रवाक येतात, पट्टकदंबही येतात. हे पाहुणे उन्हाळ्यात लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच तळ्यांच्या आसपास घरटी करतात. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो. हिमनदीने केलेल्या तळ्यावरून उडालेला पक्षी माणसाने केलेल्या तळ्यावर उतरतो आणि दोन्ही ठिकाणी त्याला उथळ काठ, चारा आणि निवांतपणाच हवा असतो. तेव्हा हिमालयातल्या तळ्यापर्यंत चालत जायला मिळत नाही म्हणून हळहळू नका. तेथले रहिवासी दरसाल तुमच्या गावी येत असतात.

आता तळी बिघडली कशी, याकडे वळू. आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी नष्ट करणारा कायदा तेथे १९५० साली झाला आणि १९५१ मध्ये अमलात आला. तळी सरकारजमा झाली. मालगुजारी गेली हे बरेच झाले. तिच्यात वेठबिगार होती आणि जुलूमही होता. परंतु तळ्याची वार्षिक डागडुजी, पाळीवरची माती, पाटांची साफसफाई ही गावाच्या अंगवळणी पडलेली कामेही त्याबरोबर सुटली. पाणी आपले आणि दुरुस्ती सरकारची, असा समज रूढ झाला. त्यातही पाळ एका खात्याकडे, पाठीमागचा उतार वनखात्याकडे आणि मासे आणखी तिसऱ्याकडे. तळे एक आणि धनी अनेक! पाण्याला ही वाटणी ठाऊक नसते. ते माथ्यावरून निघते आणि धानाच्या बांधीत थांबते. ही सगळी वाट एकदा तरी पायाखाली घातलेला माणूस गावात नसेल, तर तळ्याची बाजू मांडणार कोण? म्हणून मी सहलीच्या वाटेचा आग्रह धरतो आहे.

गाव शहाणे झाले तर काय होते याचे उदाहरण दूर नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव आहे. तेथल्या लोकांनी अभ्यासगट चालवला, जंगलाची माहिती गोळा केली आणि सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अभ्यास आधी आणि हक्क नंतर, हा क्रम ध्यानात ठेवा. चंद्रपूर शहरातल्या रामाळा तलावाच्या स्वच्छतेसाठी २०२१ साली 'इको-प्रो' संस्थेच्या बंडू धोतरे यांना उपोषण करावे लागले. तळे पुरते बिघडल्यावर उपोषण करावे लागते. बिघडण्याआधी लक्ष ठेवले तर वहीपेन्सिलही पुरते.

शिक्षकबंधू आणि भगिनी येथे एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. "अहो, जंगलात वाघ आहेत, अस्वले आहेत. मुलांना पायी न्यायचे?" चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. येथे अलीकडे दरवर्षी वाघांच्या हल्ल्यांत माणसे मरतात, आणि ती सहलीला गेलेली नसतात. मोहफुले, तेंदूपाने, सरपण आणायला किंवा गुरे चारायला गेलेली गरीब माणसे असतात. म्हणून काही नियम मी निक्षून सांगतो. ताडोबात पायी जाण्याचा विचारही करू नका. १९५५ साली स्थापन झालेले हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथे चालत फिरण्यास बंदी आहे. त्या तळ्याच्या काठी वाघाशी झुंजताना गावप्रमुख तारू मारला गेला आणि त्याचेच पुढे ताडोबा दैवत झाले, अशी कथा आहे. ती कथा पुरेशी बोलकी आहे. इतर ठिकाणीही वनखात्याची परवानगी आणि वनरक्षक व गावातला माहीतगार माणूस बरोबर असल्याशिवाय निघू नये. महिना डिसेंबर किंवा जानेवारीचा निवडावा. मोहाच्या दिवसांत अस्वले फुलांवर येतात, तेव्हा जाऊ नये. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर जंगलात असू नये. वीस-पंचवीस मुलांनी एकत्र राहावे, कोणी मागे रेंगाळू नये. कड्यावर आग्यामोहोळ असेल तर तेथून मुकाट्याने दूर व्हावे. धूर, अत्तर आणि आरडाओरड तिन्ही वर्ज्य.

आणि वनखाते "येथे नको" म्हणाले तर? तर तेथे जाऊ नये. अशा शाळेने भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा भिंतीवर लावावा. त्यावर आपले तळे शोधावे आणि समोच्चरेषांवरून त्याच्या पाठीमागची पाणी दुभंगणारी रेषा लाल पेन्सिलीने काढावी. मग चौकटी मोजून पाणलोटाचे क्षेत्रफळ काढावे आणि वर दिलेला हिशेब खऱ्या आकड्यांनी करावा. डब्याचा प्रयोग शाळेच्या मैदानात आणि वडाखाली होतो. पायांनी नाही तर निदान बोटाने तरी माथ्यापासून पाळीपर्यंत चालून यावे.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कोठे बसवायचे? पण पाहा ना : क्षेत्रफळ आणि घनफळ हे गणित, समोच्चरेषा हा भूगोल, बाष्पीभवन हे भौतिकशास्त्र, अन्नसाखळी हे जीवशास्त्र आणि मालगुजारीचा कायदा हा इतिहास. एका वाटेवर पाच विषय भेटतात. अभ्यासक्रम तोच आहे. केवळ वर्गाला भिंती नाहीत.

सहल संपली की काम संपले असे मात्र समजू नका. तळ्याच्या काठी, गावकऱ्यांना विचारून, सेंटिमीटरच्या खुणा केलेला एक बांबू उथळ पाण्यात घट्ट रोवा. शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवा. (मातीची घागर नको, तिच्या अंगातून पाणी पाझरते आणि हिशेब चुकतो.) फेब्रुवारीपासून दर रविवारी दोन्हींची पातळी मोजा आणि बादली पुन्हा भरून ठेवा. बादली उन्हात लवकर तापते, म्हणून तिच्यातले पाणी तळ्यापेक्षा थोडे अधिकच उडेल. तरीही तळ्याची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरत असेल, तर उरलेले पाणी पाटाने गेले, पाळीतून झिरपले किंवा कोणी उपसले. त्यातले कोणते, हे शोधून काढा. अशी तीन-चार वर्षांची वही तयार झाली तर ती ग्रामसभेत वाचा. गावाच्या तळ्याची इतकी नेमकी माहिती कदाचित कोणत्याही कचेरीत नसेल. आकडे मांडून बोलणाऱ्या नववीतल्या मुलीला "तू लहान आहेस, गप्प बस" असे म्हणणे मोठ्यांना जड जाते.

तेव्हा पुढच्या सहलीची चर्चा वर्गात निघेल तेव्हा हात वर करा आणि गुरुजींना किंवा बाईंना एवढेच विचारा, "आपल्या तळ्याच्या पाठीमागे काय आहे?" उत्तर कोणालाच ठाऊक नसेल, तर सहलीचे ठिकाण ठरले असे समजा.